धूर जाळणारा हरेश्वर

तर त्या बाटलीचा मालक काही शेवटपर्यंत सापडला नाही. काल इथपर्यंत आलो होतो आणि मग चहा आला. बाटली म्हणजे अंगावर फवारायच्या सेंटची, पत्र्याची. ती कचरा जाळायच्या मशीनच्या पोटात गेली आणि फुटली. आवाज फार मोठा नव्हता, जेवणावळीत कुणी टेबल पाडावं तेवढा. पण हरेश्वरने ती फुटकी बाटली चिमट्यात धरली आणि आमच्या गावाला लागून जे टॉवर झालेत त्यांच्या गेटवर जाऊन तो बसला. वॉचमनच्या स्टुलावर. वॉचमन उभा.

येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा एकच प्रश्न, "ही तुमची का?"

कुणी मान हलवी, कुणी फोनवर बोलत निघून जाई. एक बाई म्हणाल्या, "काका, आम्ही असलं वापरतच नाही. आमचं सगळं नॅचरल."

"त्यो फुटतो का?" हरेश्वरने विचारलं. बाई पिशवी सावरत आत गेल्या.

दिवेलागणीला सोसायटीचा सेक्रेटरी आला. संग्राम नाव त्याचं, साताऱ्याकडचा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, तुम्ही नक्की कोण? म्हणजे कुठल्या डिपार्टमेंटचे?"

"आगीच्या."

"फायर ब्रिगेड का?"

"नाय. ते इजवतात."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पाटी लागली की फवारणीच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत द्याव्यात. ती पाटी अजून आहे. खाली कुणीतरी पेनने 'नाहीतर काका येतील' असंही लिहिलंय.

जे काल नव्हते त्यांची ओळख करून देतो. हरेश्वर माझ्या घरापलीकडच्या घरातला. माझ्याहून थोडा लहान, पण शाळेत आम्ही एकाच बाकावर होतो, तो पुढे सरकला म्हणून नव्हे, मी मागे राहिलो म्हणून. आमचं गाव नायगाव स्टेशनच्या खाडीकडच्या अंगाला. खाडीकाठच्या खाऱ्या खाजणात भात, खाडीत मासळी, आणि मधल्या उंचवट्यावर गुरचरण. गुरं आता राहिली नाहीत, चरण राहिलंय. पावसाळ्यानंतर पोरं तिथे क्रिकेट खेळतात आणि फाल्गुनात आमची होळी तिथेच लागते. मैदान म्हणजे तेच. माझ्या आज्याच्या आज्याची होळीही त्याच जागेवर लागली असं म्हणतात. तिथली माती उकरली तर हातभर खाली काळीच लागते, एवढं मी स्वतः पाहिलंय.

या होळीचा मान हरेश्वरच्या घराण्याचा. दांडा, म्हणजे होळीच्या मधोमध उभं करायचं झाड, त्याने निवडायचा, होळी रचायची त्याने, आणि पहिला नारळ त्याचा. नारळ आगीत जातो, भाजून निघतो, फुटतो, आणि काळं खोबरं प्रसाद म्हणून वाटतात. पहिला नारळ चांगला फुटला की म्हातारे म्हणतात, "घेतला." म्हणजे होळीने मान घेतला. वर्ष बरं जाणार.

आता ज्या माणसाच्या घरात असा मान आहे, त्याचा आगीशी काहीतरी संबंध राहणारच. पण हरेश्वरचा संबंध जरा जास्तच होता. चैतात राब भाजायचा झाला की लोक त्याला बोलावीत. राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेणं. शेण, पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत पसरायचं, वरून मातीचा हात फिरवायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे जाळ धावत नाही, सरपटतो. हरेश्वर बांधावर उभा राहून त्या जाळाला रागवायचा. "हल्लू! हल्लू! कोन मागं लागलाय तुज्या?" जाळ ऐकायचा की नाही माहीत नाही, पण बघणारे ऐकायचे.

पुढे तो वीटभट्टीवर आग राखायला होता. गावात कुणी गेलं की लाकडं रचायला त्यालाच हाक. एकदा आमच्या थोरल्या काकांच्या वेळी त्याने अर्धी रचलेली चिता मोडून पुन्हा रचली. लोक खोळंबले. कुणीतरी पुटपुटलं, तर हा म्हणाला, "सरका जरा. त्यांना टोचेल."

एवढा आगीतला माणूस, पण घरातली गॅसची शेगडी त्याला पेटवता येत नाही. तो टिकटिक लायटर हातात घेतला की दचकतो. त्याची बायको हंसा म्हणते, "गावाची होली पेटवतो, ना माज्या घरात चा मागतो." आमच्याकडे असा 'ना' म्हणजे 'आणि'. हरेश्वर म्हणतो, गॅसचा जाळ निळा असतो, त्याची ओळख पटत नाही.

आता कचऱ्याकडे येतो. तसा तो आपल्याआपणच आला.

मैदानाच्या पलीकडे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे कचऱ्याचा ढीग. आधी ढीग नव्हता, खड्डा होता. खड्डा भरला, मग ढीग झाला, मग त्याला आमच्याकडची पोरं डोंगर म्हणू लागली. टॉवर वाढले तसा डोंगर वाढला. माणसं राहायला येतात तर कचरा काय गावी ठेवून येतील? पावसात त्याचं काळं पाणी खाजणात उतरायचं आणि उन्हाळ्यात तो आतून पेटायचा. वरून काही दिसायचं नाही, नुसता धूर. आठ-आठ दिवस. टॉवरवाले खिडक्या लावून घेत. आम्हाला खिडक्या लावायची सवय नाही.

हरेश्वरला धुराचा त्रास कमी, संताप जास्त. म्हणायचा, "ह्याला आग बोलतात का? ना रचलेली, ना कोनी लावलेली. जनावरासारखी आत घुसलेय." आणि फावडं घेऊन ढिगावर माती टाकायला जायचा. कुणी सांगितलं नव्हतं. गावातले म्हणत, कचऱ्याला पाणी मारणारे येतील, तू कशाला? तो म्हणे, पाण्याने वरचं विझतं, आतलं हसतं.

अशात मशीनचे दोन मोठे कंटेनर आले, एक चिमणी आली आणि संपदा आली. संपदा म्हणजे इंजिनीअर पोरगी. तिचे आईवडील देशावरचे, राहायला नायगावच्याच टॉवरमध्ये. तिने देवळाच्या मंडपात गाव बोलावलं. गाव आलं, कारण कंपनीकडून भजी होती.

तिने समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर माझं. कचरा जमिनीत पुरला की जमीन संपते, कचरा संपत नाही. उघड्यावर पेटवला तर विष हवेत जातं. म्हणून तो बंद खोलीत भाजायचा. या मशीनला दोन खोल्या. पहिल्या खोलीत हवा अगदी बेताची, म्हणजे कचरा भडकत नाही, नुसता करपतो आणि त्याचा धूर होतो. तो धूर दुसऱ्या खोलीत न्यायचा, तिथे भरपूर हवा द्यायची आणि साडेआठशे डिग्रीच्या वर तापवून तो धूरच जाळून टाकायचा. उरतं काय, तर मूठभर राख आणि उष्णता. त्याच उष्णतेवर पुढचा कचरा सुकवायचा. दुसऱ्या गावात अजिबात हवा न देता कचऱ्याचा कोळसा करणारीही मशीनं आहेत म्हणाली, आपले पूर्वी जंगलात माती लिंपून कोळसा पाडत तसं. पण इथे हे.

"म्हंजे धूर जालनार?" मागून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला.

"हो," संपदा म्हणाली. "धूर जाळणार."

"ना राख? ती कपालाला लावायची?" हे जयवंतीआत्या. जयवंतीआत्या म्हणजे हरेश्वरच्या बापाची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, गावात तिला उलट उत्तर देणारा शेवटचा माणूस तिचा नवरा होता आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली.

"नाही आजी. राखेत जड धातू असतात. ती वेगळी, प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात नीट ठेवावी लागते. आणि ओला कचरा यात चालत नाही. सालं, भात, भाजी, ते खतालाच जायला हवं. भिजलेलं गोणपाट पेटवल्यासारखं होतं, घालू तेवढं डिझेल पितं."

तिने काही लपवलं नाही, हे मला आवडलं. भजीही चांगली होती.

सगळे हसले त्यात हरेश्वर नव्हता. तो दुसऱ्या सकाळी गेला कुंपणाजवळ. मशीनच्या पॅनेलवर लेस्ली नावाचा, जवळच्या पापडी गावचा तरुण होता, त्याने याला आत घेतलं आणि दुसऱ्या खोलीच्या काचेच्या भोकाला डोळा लावायला सांगितलं. हरेश्वरने डोळा लावला तो काढीचना. लेस्ली म्हणतो, मी चहा पिऊन आलो, पाव खाल्ला, काका तिथेच. शेवटी मी विचारलं, "काका, काय दिसतंय?" तर म्हणाले, "गप रव."

त्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. खांबाला टेकून बसला. मग म्हणाला, "सदानंददादा, धूर जललेला मीनी बगला." शेजारणीला मुलगा झाला असं सांगावं त्या आवाजात.

आठवडा गेला नाही तर हा तिथे नोकरीला. काम काय, तर पट्ट्यावरून कचरा येतो तो निवडायचा आणि चांगला सुका तेवढा मशीनच्या तोंडात ढकलायचा. तोंडाला दोन दारं. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे आत फुकटची हवा जात नाही. हे हरेश्वरला फार जड गेलं. जन्मभर त्याने आगीला वारा दिला, फुंकर दिली, सूप हलवलं. आता सांगतात, हिला हवा देऊ नका. पहिल्या महिन्यात तो आतलं दार किलकिलं करून विचारायचा, "बरी हायस ना?" आणि लेस्ली पॅनेलवरून ओरडायचा, "काका! दार! मॅडम मना खातील!"

मग ती बाटलीची भानगड झाली आणि संपदाने नियम घातला: तोंड बंद असलेली कुठलीही वस्तू आत जाणार नाही. बंद वस्तूत वाफ कोंडते आणि फुटते. फुटली की आतला दाब वाढतो आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं. हा नियम हरेश्वरने असा पाळला की बिस्किटाचा न फोडलेला पुडाही तो फोडून टाकी. बॉलपेनाची टोपणं काढी. लेस्ली त्याला म्हणाला, "काका, उद्या तुम्ही शेंगा पण सोलाल." दुसऱ्या दिवशी त्याने सोलल्या.

आता खरी गोष्ट.

मशीन आणलं होतं ते कायमचं नव्हे, चाचणीसाठी. वर एक समिती होती. समितीने येऊन बघायचं, दिवसभर मशीन न थांबता चाललं आणि चिमणीतून धूर दिसला नाही तर पास. पास झालं तर मोठं मशीन येणार आणि ढीग कुंपणाच्या आतच राहणार. नापास झालं तर ढिगाला जागा हवी, आणि जागा कुठली हे नकाशात आधीच पिवळ्या रंगाने दाखवलेलं होतं. ते आमचं मैदान. गुरचरण सरकारी, गुरं नाहीत, कोण हरकत घेणार? कागदावर तिथे कुणी राहत नाही. होळी कागदावर नसते.

हरेश्वरने तो नकाशा पाहिला. घरी येऊन जेवला नाही. हंसाने विचारलं, तर म्हणाला, "मैदानावर डायपर टाकनार." एवढंच. मग झोपला.

आणि चाचणीची तारीख आली ती नेमकी होळीची. समितीतल्या कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांची होळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्ध्या तासात उरकते. संपदाने तारीख बदलून मागितली. मिळाली नाही. हरेश्वर उलट खूश. म्हणाला, "बरा झाला. दुपारी ही, सांजचे ती. एकाच दिवशी दोन."

त्या दिवशी सकाळी मशीन पेटलं. अंगणात मंडपाचं कापड लावून खुर्च्या मांडल्या होत्या. गावातर्फे एक माणूस हवा म्हणून मला बसवलं होतं. माझ्या शेजारी समितीच्या प्रमुख बाई. वयस्कर, सुती साडी, हातात पेन, बोलणं मोजकं. त्यांनी सरबत घेतलं नाही, पाणी घेतलं. चिमणीकडे बघत होत्या. चिमणीतून काही नाही. वर निळं आकाश, एक घार. मी मनातल्या मनात घारीला सांगितलं, तूही जा.

तेवढ्यात मागच्या गेटवर काय चाललं होतं ते मला नंतर हंसाने सांगितलं. शब्द तिचे आहेत.

जयवंतीआत्या दहा-बारा बायका घेऊन मागच्या गेटवर आली. हातात ताट, ताटात पुरणपोळी, हळद-कुंकू आणि नारळ. हरेश्वर पट्ट्यावर होता. आत्याने हाक मारली.

"हरेश्वर, इकरं ये."

"आत्ये, आज नको. साहेबलोक आयलेत."

"साहेबलोकांना काय मी खातंय? ह्यो मानाचा नारल. घे."

"नारल सांजचे, मैदानावर. आता कशाला?"

"आता आग पेटलेय का नाय?"

"पेटलेय."

"आज होली हाय का नाय?"

"हाय."

"मंग होलीच्या दिशी पेटलेली आग उपाशी ठेवतस? ना सांजचे मैदानावर दुसऱ्या आगीला पयला मान देतस? ही रुसली त?"

"आत्ये, ही होली नाय. मशीन हाय."

"आग हाय का नाय?"

हंसा म्हणते, इथे त्याने वळून मशीनच्या तोंडाकडे पाहिलं. बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या आत्ये, आता ते नोकरीवाले. त्यांना मान काय ना नारल काय." त्यावर हंसाच चिडली, म्हणाली, "माज्या नवऱ्याचा मान माज्या घरात हाय, तुमच्या ताटात नाय." आणि तिनेच ताटातला नारळ उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो धुतला, कुंकू लावलं. डोळे मिटले. काय मागितलं ते सांगायला नको, ते मैदान तिथून दिसत होतं. मग नारळ मशीनच्या तोंडात ठेवला, बाहेरचं दार लावलं, आतलं उघडलं. नारळ गेला.

बिस्किटाचा पुडा फोडून टाकणारा माणूस. मी नंतर त्याला याबद्दल विचारलं नाही. विचारायचं कारण नव्हतं. इथे कुणालाही विचारा, नारळाला तोंड असतं आणि ते बंदच असतं, पण नारळ ही वस्तू आहे असं आमच्यात कुणी म्हणत नाही.

इकडे खुर्च्यांवर बाई संपदाला विचारत होत्या, "राखेचं प्रमाण किती?" संपदा सांगत होती. आणि धडाम.

सेंटच्या बाटलीचा आवाज टेबल पाडण्याएवढा होता म्हटलं ना, हा अख्खी जेवणावळ पाडण्याएवढा होता. मशीनवर लाल दिवा लागला. भोंगा वाजला. पंखे थांबले. आणि ज्या चिमणीतून सकाळपासून काही आलं नव्हतं, तिच्यातून एक काळा, गुबगुबीत धुराचा गोळा बाहेर पडला आणि सावकाश मैदानाच्या दिशेने निघाला.

मागच्या गेटवर बायकांनी माना वर करून धुराकडे पाहिलं. मग जयवंतीआत्याचा आवाज आला, "घेतला!"

आणि बायकांनी जोरात आरोळी दिली. ती ऐकून मैदानावर दांड्याशी लाकडं आणून टाकणाऱ्या पोरांना वाटलं, वेळ झाली. त्यांनी ढोल सुरू केला. एकाने होळीच्या नावाने बोंबही मारली. समितीतले एक गृहस्थ घाबरून उभे राहिले. मी त्यांना बसा म्हणालो. म्हणालो, आमच्याकडे असंच असतं.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी लेस्लीला बोलावलं. लेस्ली पॅनेल सोडून आला, चेहरा रविवारी उशिरा चर्चला पोचल्यासारखा.

"काय झालं?"

"प्रेशर गेला वर, मॅडम. मशीन आपोआप बंद झाला. तसाच बनवलाय."

"कशामुळे?"

लेस्लीने संपदाकडे पाहिलं. तिला वाटलं, कुठलीतरी बाटली निसटली. ती म्हणाली, "बंद डबा गेला असावा. निवडण्यात चूक झाली असेल. जबाबदारी माझी आहे."

"म्हणजे शहराचा कचरा जसा येतो तसा या यंत्राला चालत नाही," बाई म्हणाल्या. रागाने नाही. त्या तशाच बोलत होत्या, पाणी मागितलं तेव्हाही तशाच. "माणसाने एक डबा चुकवला की यंत्र बंद. मग शहर यावर कसं सोडायचं?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी शेजारीच होतो, त्यांनी लिहायला घेतलेला पहिला शब्द 'मिश्र' मला दिसला. पुढचं, म्हणजे मिश्र कचऱ्याला हे यंत्र चालणार नाही, ते ओळखायला शाळा पुरी करायची गरज नव्हती. मला मैदान दिसत होतं, त्यावर नुसताच उभा दांडा आणि त्याच्या डोक्यावरून जाणारा तो गुबगुबीत गोळा.

तेवढ्यात हरेश्वर पुढे आला. हात काळे, कपाळाला कुंकवाचं बोट पुसटलेलं. त्याच्यामागे कुंपणाला लगटून सगळ्या बायका आणि मध्ये आत्या. त्यांना अजून वाटत होतं, चांगलं झालंय. आत्या तर समितीला पुरणपोळी पाठवायच्या बेतात होती.

बाईंनी विचारलं, "निवडायचं काम तुमचं?"

"माजा."

"मग बंद डबा आत कसा गेला?"

'हो, डबा निसटला' एवढं म्हणाला असता तर निभावलं असतं. मान राहिला असता, कदाचित नोकरीही. संपदाने जबाबदारी आधीच घेतली होती. पण मग बाईंच्या कागदावर 'मिश्र' पुढे सरकला असता. आणि नारळ म्हटला, तर मशीन सुटतं, पण समितीसमोर, जयवंतीआत्यासमोर, अख्ख्या गावाच्या बायकांसमोर याला म्हणावं लागणार की पहिला मान मीच चुकीच्या आगीला दिला.

त्याने काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो, मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलंय. आधी पुढचं उरकून टाकू, म्हणजे तुम्ही मध्येच विचारणार नाही. बाईंनी ते ऐकलं. लिहिलेला शब्द खोडला. खोडताना एकदा कुंपणापलीकडच्या ताटाकडे पाहिलं. म्हणाल्या, धुळवडीनंतर पुन्हा येऊ, त्या दिवशी हे गृहस्थ कुंपणाबाहेर असतील. तसंच झालं. त्या दिवशी हरेश्वर सकाळपासून कुंपणाबाहेर माझ्याबरोबर दगडावर बसला आणि चिमणीकडे असा बघत होता की कुणाची मुलगी परीक्षेला बसलीय असं वाटावं. मशीन दिवसभर चाललं. घार पुन्हा आली होती. मोठ्या मशीनचं काम सुरू झालंय, पिवळा रंग नकाशावरून गेलाय असं संपदा सांगते. मी स्वतः नकाशा पाहिला नाही. ढीग अजून आहे तेवढाच आहे, पण वाढत नाही, आणि आमच्यासारख्या वयाच्या माणसाला न वाढणारी गोष्ट बघायला बरं वाटतं.

हरेश्वरला मशीनच्या तोंडावरून काढलं. आता तो मशीनच्या कुंपणाच्या गेटवर असतो. गेल्या महिन्यात कुणीतरी मशीनला नारळ घालून नवस फेडायला आलं होतं, त्याला त्याने परत पाठवलं. वॉचमनचं स्टूल आहे, पण तो उभाच असतो. आत्या त्याच्याशी चार महिने बोलली नाही. मग एक दिवस स्वतःच गेटवर येऊन म्हणाली, "त्या आगीन घेतला व्हता. मी आयकला." हरेश्वर म्हणाला, "हो आत्ये." यावर दोघांचं मिटलं.

तर आता ते उत्तर. बाई विचारतायत, बंद डबा आत कसा गेला. भोंगा नुकताच थांबलाय. मैदानावर ढोल अजून चालूच आहे, त्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही. संपदा खाली बघतेय. आणि हरेश्वर काळे हात पाठीमागे धरून, अजिबात घाई न करता, म्हणाला:

"डबा नाय बाई, नारल व्हता. तो मीनी टाकला, माज्या हातान. कचरा निवडताना मी चुकलू नाय, तो सगला बरोबर जललाय, राख काढून बगा. नारल आमी कचऱ्यात धरत नाय, म्हनून त्याला कचऱ्याचा नियम लावाचा माज्या ध्यानात नाय आयला. मशीनीच्या नावावर काय लिवू नका, माज्या नावावर लिवा. ना सांजचे होलीला या. मैदान ते बाजूलाच हाय, अजून रिकामा हाय."